पोच घेतली होती का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील वसतिगृहांवरच्या लेखानंतर विद्यार्थी आंदोलनांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली असून जागेअभावी मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : मी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातला. नागपुरात एम.ए. करतो आणि एका शासकीय वसतिगृहात राहतो. पिण्याचे पाणी, जेवणाचा दर्जा आणि वेळेवर न मिळणारा निर्वाह भत्ता या तीन गोष्टींसाठी आम्ही जुलैपासून भांडत आहोत. पाच निवेदने दिली, संविधान चौकात एक दिवस धरणे धरले. पत्रकावर १४० मुलांच्या सह्या होत्या, धरण्याला आली १७. एका पक्षाचे पदाधिकारी आले, फोटो काढून गेले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचेच नाव छापून आले. ज्या साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली होती त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात, 'माझ्याकडे असे काही आलेले नाही, पुन्हा निवेदन द्या.' माझा रूम पार्टनर म्हणतो की एवढ्या वेळात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा निघाली असती, आणि तो चुकतो आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. या सगळ्याला काही अर्थ आहे का? मानवी हक्क आयोगाकडे जावे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मनात आलेला पहिला प्रश्न तुम्हाला कदाचित कोरडा वाटेल : त्या पाच निवेदनांची पोच तुमच्याकडे आहे का? बहुधा नसावी, कारण ती असती तर 'असे काही आलेले नाही' हे वाक्य नव्या साहेबांना बोलता आले नसते. आणि गंमत अशी की ते खोटे बोलत असतीलच असे नाही. साहेबांच्या दालनात सातआठ जणांनी मिळून हातात दिलेला कागद टेबलावरच्या काचेखाली जातो, तिथून कपाटावर आणि बदलीच्या वेळी रद्दीत. आवक नोंदवहीत ज्याची नोंद नाही तो कागद कार्यालयाच्या लेखी जन्मलेलाच नसतो. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात, दालनात शिरण्याआधी टपाल शाखेच्या खिडकीशी थांबावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख व लिपिकाची सही घेऊन ती प्रत परत घ्यावी. जेवणाची वेळ झाली, संगणक बंद आहे, साहेबांनाच थेट द्या, असे तिथे सांगितले जाईल. तरी थांबावे, आणि अगदीच नकार मिळाला तर तोच मजकूर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, पोचेचा कोणी छापत नाही. पण सहा महिन्यांनी उपयोगी पडते ती पोचच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. विद्यार्थी असताना आम्हीही एका महाविद्यालयात ग्रंथालयाची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवून घेतली होती. चार दिवस ठिय्या दिला, प्राचार्यांनी सर्वांसमक्ष शब्द दिला, आम्ही गुलाल उधळला. उन्हाळ्याची सुटी संपवून परत आलो तर वेळ पुन्हा सहाची. विचारायला गेलो तेव्हा आदेश दाखवा म्हणाले, आणि आमच्याकडे दाखवायला गुलालाखेरीज काही नव्हते.

तुमच्या निराशेचे मूळ मला १७ या आकड्यात दिसत नाही. ते दिसते दोन दिनदर्शिकांच्या फरकात. विद्यार्थ्याचे वर्ष जुलैला सुरू होते, दिवाळीच्या आसपास परीक्षेत अडकते, एप्रिलला संपते आणि दोन वर्षांत तो माणूसच वसतिगृहातून निघून जातो. कार्यालयाला अशी घाई कधीच नसते. तुम्हाला विरोध करण्याचे कष्टही त्याला घ्यावे लागत नाहीत, नुसती वाट पाहिली तरी पुरते. अपवाद घडतात. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीच्या वाढीव बिलावरून मुले उठली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. विद्यार्थी नेत्यांना हे उदाहरण फार आवडते. त्या बिलाचे पुढे काय झाले हे मात्र कोणी सांगत बसत नाही.

आपल्या शहराला जास्त जवळचे उदाहरण नामांतराचे आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, त्याच ऑगस्टमध्ये नागपुरातही गोळीबार झाला, १९७९ मध्ये दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला, आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. १९७८ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा तोवर पस्तिशीला टेकला होता, त्याची पोरे शाळेत जात होती. मागणी टिकली, कारण ती एका तुकडीची राहिली नाही. वस्ती, संघटना, वाचनालय, घर अशा ठिकाणी ती सांभाळली गेली. पाण्याची टाकी आणि नामांतर यांची तुलना मी करत नाही. पण विद्यार्थ्याचा काळ संपल्यावर त्याचे काम कोठे ठेवायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि वसतिगृहात त्याचे उत्तर एक जाड फाइल असे असू शकते : निवेदनांच्या पोचा, भेटींच्या तारखा, कोण काय म्हणाले त्याची त्याच दिवशी केलेली नोंद. ती फाइल पहिल्या वर्षाच्या दोन मुलांच्या खोलीत ठेवा, शेवटच्या वर्षाच्या मुलाच्या नव्हे. प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवायला तर पैसाही लागत नाही.

आता त्या १४० आणि १७ बद्दल. सहीला अर्धा मिनिट लागतो. धरण्याला तासिका बुडते, उन्हात बसावे लागते आणि पोलिसांच्या वहीत नाव जाते. जी १२३ मुले आली नाहीत त्यांना भित्री म्हणू नका. त्यांतल्या अनेकांच्या घरी पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच माणूस असेल आणि त्याच्या वेळेवर अख्ख्या घराचा हिशेब अवलंबून असेल. तुमचा रूम पार्टनर त्याच हिशेबाने बोलतो. त्याला धरण्याला बोलावू नका, आठवड्यातला एक तास मागा. राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येत नसेल तर त्याचा अभ्यास तरी कसला? अर्जाला १० रुपये लागतात, आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. 'पाणी खराब का आहे' असे विचारू नका, कारण 'का' या शब्दाला माहिती अधिकारी उत्तर देत नाही. भोजन पुरवठ्याच्या कराराची प्रत, करारातील आहाराचा तक्ता, गेल्या सहा महिन्यांत अदा केलेली देयके, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, गृहपालांच्या तपासणी नोंदी, असे कागद मागा. करारात आठवड्यातून दोनदा अंडी आणि ताटात एकदाही नाही, हे जेव्हा कागदाशी ताट ताडून दाखवता येते तेव्हा घोषणा थोड्या हळू दिल्या तरी चालतात.

फोटो काढून गेलेल्या पदाधिकाऱ्यांवर रागावण्यात हशील नाही. त्यांच्याकडून फोटोऐवजी विधिमंडळात मंत्र्यांना विचारायचा तारांकित प्रश्न मागा. हिवाळी अधिवेशन आपल्या गावात भरते. मोर्चे यशवंत स्टेडियमपासून निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळ अडवले जातात, शिष्टमंडळ आत जाते, चहा घेते आणि बाहेर येते. त्यापेक्षा एखाद्या आमदाराने अधिवेशनाच्या बरेच आधी तुमच्या वसतिगृहाचा प्रश्न लेखी दाखल केला तर विभागाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि त्यासाठीची माहिती मंत्रालयातून थेट तुमच्याच कार्यालयाकडे मागितली जाते. जे टेबल आठ महिने हलले नाही ते त्या आठवड्यात हलते. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या, सोबत पोचांच्या झेरॉक्स जोडा. आणि पुढच्या वेळी बातमीचे निवेदन वसतिगृहाच्या नावाने, तुमच्याच सह्यांनी, दुपारी चारच्या आत वृत्तपत्रांकडे पोचवा. पाहुण्याने श्रेय लाटले अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच आंदोलनांनी स्वतः बातमी लिहिलेलीच नसते.

मानवी हक्क आयोगाकडे जरूर जा, पण काय मिळेल हे समजून जा. १९९३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. शुल्क नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर तारीखवार हकीकत लिहिली तरी चालते. एकच तक्रार राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे पाठवू नका. एकाने दखल घेतली की दुसरा हात काढून घेतो. आयोग अहवाल मागवतो, भरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो. ती शिफारसच असते, हुकूम नव्हे. तरीही पाणी आणि अन्न यांकडे 'मुलांच्या कुरबुरी' म्हणून पाहणाऱ्या कार्यालयाला आयोगाच्या नोटिशीचे उत्तर लिहिताना वेगळी भाषा वापरावी लागते. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुले खाणावळीऐवजी खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. जेवण हा प्रश्न क्षुल्लक आहे असे त्यांच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

प्रश्न : आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो. माझी मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. शुल्कवाढीविरुद्धच्या आंदोलनात तिला मैत्रिणींसह पोलिसांनी गाडीत बसवून नेले आणि संध्याकाळी सोडले. तिला सरकारी नोकरी करायची आहे. आता चारित्र्य पडताळणीत हे निघेल का? नक्षलवादाचा शिक्का बसला तर? शिवाय १९९४ साली मी सीताबर्डीवर एका दुकानात कामाला होतो. गोवारींच्या मोर्च्यात काय झाले ते मी विसरलेलो नाही. तिला सांगून ऐकत नाही.

उत्तर : आधी कागद पाहा. पोलिसांनी ताब्यात घेऊन सोडणे, गुन्हा नोंदवणे आणि न्यायालयात दोषारोपपत्र जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी त्यांना मिळून 'केस झाली' असे म्हटले जाते. आंदोलकांना बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेऊन कलम ६९ खाली सोडून देतात. त्यात गुन्हा नोंदलेला नसतो. शहरात कलम ३७ चा मनाई आदेश लागू असताना जमाव जमवला म्हणून कलम १३५ लावले गेले असेल तर मात्र गुन्हा असतो. संवेदनशील प्रकरणे सोडता प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, तेव्हा तो तेथे शोधा किंवा ठाण्यात लेखी विचारा. आंदोलनाआधी मुलीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस आली असेल तर तीही शिक्षा नाही, ती समज असते. पण जपून ठेवा.

नोकरीच्या वेळी उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात 'कधी अटक झाली का, खटला चालू आहे का' असे प्रश्न असतात. प्रश्नाचे शब्द नीट वाचून खरे तेच लिहावे. लपवणे हेच सर्वांत मोठे संकट ठरते. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ही माहिती खरीच दिली पाहिजे असे बजावले, पण क्षुल्लक बाब दडवली गेली असली तरी नियुक्ती करणारा तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो असेही म्हटले, आणि क्षुल्लक म्हणजे काय हे सांगताना तरुण वयात दिलेल्या घोषणांचे उदाहरण घेतले. राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले शासन वेळोवेळी मागे घेते; त्यात जीवितहानी झालेली नसावी लागते आणि न्यायालयाची परवानगी लागते. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा पैशासाठी अडून राहू नका.

शिक्क्याच्या भीतीला मी हसणार नाही. दिल्ली विद्यापीठात शिकवणारे प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून मे २०१४ मध्ये अटक झाली, नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी अनेक वर्षे काढली, ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष मुक्त केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. या शहरात राहून असली भीती निराधार म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ती प्रकरणे वेगळ्या आणि फार कडक कायद्याखालची होती. महाविद्यालयाच्या शुल्काविरुद्ध उघड्यावर, नावानिशी बसलेल्या मुलीला त्यांच्या रांगेत मनातल्या मनात नेऊन बसवू नका. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अटक झालीच तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, एवढे दोन नियम मात्र तुम्हा दोघांना पाठ असू द्या.

२३ नोव्हेंबर १९९४ विषयी तुम्ही लिहिलेत त्यावर थोडे थांबावेसे वाटते. त्या दिवशी मोर्च्यात झालेल्या चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ बांधव गेले. आज त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो आणि नाव वाचायचे विसरतो. मुलीला जाऊ नको म्हणण्याऐवजी तिच्या संघटनेला चार गोष्टी विचारायला सांगा : कठडे लागल्यावर मागचा रस्ता कोणता, पुढून थांबल्याचे मागच्यांना कोण कळवणार, पाणी कोठे, आणि स्वयंसेवकांची नावे काय. यांची उत्तरे नसलेल्या मोर्च्याला तिने गेले नाही तर ती भित्री ठरत नाही. बाप म्हणून तुम्हीही एकदा सोबत जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलात तर तिचे ऐकणे वाढेल असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : महाविद्यालयांत निवडणुका का होत नाहीत? प्रतिनिधीच नाही तर बोलायचे कोणामार्फत?

उत्तर : १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली आणि मतदान थांबले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ९९ ने गुप्त मतदानाची निवडणूक परत आणली. २०१९ साली ती घेण्याची तयारी झाली होती, विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलली गेली, मग करोना आला. हिंसाचार होईल हे नेहमीचे कारण. पण विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ सालीच उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आणि हजेरीची अट घालून त्यावर उपाय सुचवला होता. तोवर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल असावा लागतो. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो. तुमच्या महाविद्यालयात तो कोण आहे, एवढे लेखी विचारून पाहा.

प्रश्न : मी एका विद्यार्थी संघटनेत दोन वर्षे आहे. निवेदने मी लिहिते, फलक मी रंगवते. बैठका रात्री नऊला टपरीवर होतात. आमच्या वसतिगृहाचे फाटक साडेसातला बंद होते. सकाळी कळते की निर्णय झाला. शिष्टमंडळात तीन मुले गेली आणि कुलसचिवांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही, कारण निवेदन त्यांनी वाचलेलेच नव्हते. हे मांडले तर 'समतेच्या चळवळीत तू फूट पाडतेस' असे ऐकावे लागते.

उत्तर : मानवी हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनेत हे घडावे याचे तुम्हाला वाटणारे वैषम्य मी समजू शकते, पण आश्चर्य मला वाटत नाही. तुमच्या मित्रांना सांगा की जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली तेव्हा २० तारखेला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध, असे ठराव बायकांनी त्या काळात बाबासाहेबांच्या उपस्थितीत मंजूर करून घेतले. त्यामुळे चळवळ फुटल्याचे कोणी नोंदवलेले नाही.

भाषण मात्र करू नका. पुढच्या बैठकीत दोनच ठराव लेखी मांडा. बैठक सायंकाळी सहाच्या आत आणि टपरीऐवजी महाविद्यालयाच्या आवारात व्हावी, हा पहिला. मसुदा लिहिणारी व्यक्ती शिष्टमंडळात असेलच, हा दुसरा. दोन्ही ठराव इतिवृत्तात नोंदवून अध्यक्षांची सही घ्या. दोन बैठका वाट पाहूनही ते मांडूच दिले नाहीत तर पुढचे निवेदन त्यांनाच लिहू द्या. माझ्या अनुभवात असा एक आठवडा पुरेसा होतो, कारण मसुदा हाती नसताना कुलसचिवांच्या दालनाबाहेरचा बाक फार लांब वाटू लागतो. आणि वसतिगृहाच्या साडेसातच्या फाटकाविषयी मुलींच्या सह्यांचे वेगळे निवेदन तयार करा. दोन प्रती काढा.